काका ओळखीचे, पण करारात वीसच हजार

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून आलेली सत्तावीस वर्षांची मुलगी पाच वर्षांपासून पुण्यात नोकरी करते. पगार ३८,००० रुपये. सध्या कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहते. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. धाकट्या भावाला यंदा पुण्यात डिप्लोमाला प्रवेश मिळालाय, त्यामुळे आईलाही इकडे आणून तिघांनी एकत्र राहायचं ठरलं आहे. मामांच्या ओळखीतून वारज्यात एक वन बीएचके मिळतोय. भाडं १८,०००, डिपॉझिट ८०,०००. त्या घराचा व्यवहार बघणारे ‘काका’ त्यांच्याच तालुक्यातले. त्यांचं म्हणणं असं: करारात डिपॉझिट २०,००० दाखवू, बाकीचे ६०,००० रोख दे. करार अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी केली की पुरे. रविवारपर्यंत पैसे दे, दुसरं एक जोडपं तयार आहे. मुलीकडे साठवलेले ५५,००० आहेत. उरलेल्यासाठी आई पाटल्या गहाण ठेवायला निघाली आहे. मुलगी विचारते: “पैसे देऊन टाकू का? घर हातचं जायला नको. पावती मागावीशी वाटते, पण काकांना वाटेल माझा त्यांच्यावर विश्वास नाही. आई म्हणते, ओळखीच्या माणसाकडे असला हिशेब मागायचा नसतो.”

प्रिय मैत्रिणी,

तू मला पत्रात ताई म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते.

आधी उत्तर, कारण रविवार जवळ आहे. पैसे अजून देऊ नकोस. घर सोडून दे असं मी म्हणत नाही. काका फसवतील असंही मला वाटत नाही, तसं वाटावं असं तुझ्या पत्रात काहीच नाही. पण ज्या पद्धतीने हे पैसे मागितले जात आहेत, ती पद्धत बदलल्याशिवाय एक रुपयाही देऊ नकोस.

“पावती मागितली तर विश्वास नाही असं होईल ना?” या तुझ्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. हे वाक्य मी स्वतः जगले आहे.

२००३ साली मी पुण्यात आले तेव्हा एका निवृत्त शिक्षकांच्या घरी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. डिपॉझिट २५,०००. बाबांनी गावाकडून आणून दिलेली रक्कम पाकिटात घालून मी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती मोजली, डायरीत काहीतरी लिहिलं, काकूंनी चहा केला. पावतीचं माझ्या मनात आलं होतं. पण त्याआधीच मी वाकून नमस्कार केला होता, आणि नमस्कार केल्यावर पावती मागायला तोंड उघडत नाही. माणूस खरोखर चांगला होता. दीड वर्षाने ते एका रात्री झोपेतच गेले. परगावी असलेले मुलगे आले, दिवस झाले, घर विकायचं ठरलं. मी डिपॉझिटचं बोलले तेव्हा थोरला म्हणाला, “बाबांनी आम्हाला काही सांगितलं नाही.” तो खोटं बोलत नव्हता. ती डायरी कुठे गेली कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी काकूंनी त्यांच्याजवळचे १०,००० माझ्या हातावर ठेवले. ते घेताना मला इतकं अपराधी वाटलं की बाकीचं मी पुन्हा काढलंच नाही. पंधरा हजार गेले. ते भरूनही निघाले. भरून निघालं नाही ते वेगळंच. त्यानंतर मी काकूंना भेटायला कधी गेले नाही. गेले तर त्यांना वाटेल पैसे मागायला आली. ज्या बाईने मला तापात मऊ भात करून वाढला होता, तिच्या दारात जायची मला चोरी झाली. एका कागदाने ते नातं टिकलं असतं.

म्हणून पावती मागणं म्हणजे अविश्वास, हे आईचं म्हणणं मला पटत नाही. काकांशी संबंध टिकावा असं वाटत असेल तर व्यवहार लिहून ठेव. उद्या त्यांच्या जागी दुसरं कुणी तुझ्यासमोर उभं राहिलं, तर त्या माणसाला तुझा शब्द कशाच्या आधारावर खरा वाटावा?

आणि तसं दुसरं कुणी तुझ्या बाबतीत आधीच आहे. पत्रात शेवटी तू ओघात लिहिलंस, “फ्लॅट त्यांच्या मुलाच्या नावावर आहे, तो दुबईत असतो, पण सगळं काकाच बघतात.” माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे. म्हणजे विश्वास तू काकांवर ठेवते आहेस आणि व्यवहार होणार आहे त्यांच्या मुलाशी. त्याला तू कधी पाहिलेलंही नाहीस. कायद्याने घर द्यायचा अधिकार ज्याच्या नावावर घर आहे त्याचा. काकांना त्याच्या वतीने सही करायची असेल तर मुलाने त्यांना दिलेलं कुलमुखत्यारपत्र हवं, आणि भाड्याने देणं, करार नोंदवणं, डिपॉझिट घेणं हे अधिकार त्यात स्पष्ट लिहिलेले हवेत. परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर झालेलं असतं आणि भारतात आणल्यावर त्यावर मुद्रांक भरावा लागतो. बहुतेक घरांत फ्लॅट घेतानाच असा कागद केलेला असतो. काकांकडेही असेल. फक्त तो बघायला माग. तो नसेल तर काकांनी केलेली सही म्हणजे एका भल्या माणसाची सही, घरमालकाची नव्हे.

याला जोडून आणखी एक गोष्ट आहे, जी भाडेकरूंना सहसा कुणी सांगत नाही. मालक आयकराच्या दृष्टीने अनिवासी असेल, तर त्याला दिलेल्या भाड्यातून कर कापून सरकारजमा करायची जबाबदारी भाडेकरूवर येते, मग भाडं कितीही कमी असो. हे ऐकून घाबरू नकोस. तुझ्या ऑफिसचं काम बघणाऱ्या एखाद्या सीएला पाच मिनिटं विचार आणि करारापूर्वी काकांशीही बोल. आधी ठरलं तर ते नुसतं एक काम असतं. वर्षाने निघालं तर भांडण होतं.

आता ते वीस आणि साठ.

ही पद्धत इतकी रुळलेली आहे की मागणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. विचारलं तर उत्तर येतं, “स्टॅम्प ड्युटी वाचते.” आपण हिशेबच करून बघू. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घरात राहायची परवानगी (लायसन्स) देणाऱ्या नेहमीच्या भाडेकरारावर, मुद्रांक शुल्क ०.२५ टक्का आहे. ते लागतं संपूर्ण मुदतीच्या भाड्यावर, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेल्या व्याजावर. डिपॉझिटच्या मूळ रकमेवर ते लागतच नाही. तुझं अकरा महिन्यांचं भाडं होतं १,९८,०००. डिपॉझिट ८०,००० दाखवलं तर शुल्क येतं सुमारे ५१३ रुपये. २०,००० दाखवलं तर सुमारे ५००. वाचले तेरा-चौदा रुपये. या चौदा रुपयांसाठी तुझे साठ हजार कागदावरून पुसले जाणार आहेत.

काकांना आयकराची भीती असेल तर तीही समजून घे. भाडं हे उत्पन्न आहे, त्यावर कर लागतो. परत द्यायचं डिपॉझिट हे उत्पन्न नाही. म्हणजे ते कमी दाखवून मालकाचाही काही फायदा नाही, उरते ती फक्त सवय. तुझं नुकसान मात्र मोठं आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ यातलं कलम २४ लायसन्सची मुदत संपल्यावर घराचा ताबा परत घेण्याबद्दल आहे. लेखी करारात जे नमूद केलं आहे तो निर्णायक पुरावा मानावा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे वीस लिहून तू सही केलीस की वीस हेच खरं धरलं जाण्याचा धोका. साठ हजार दिल्याचं तू कितीही कळवळून सांगितलंस तरी तुझीच सही तुझ्या विरोधात उभी राहील.

“अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे.” हे वाक्य मी गेल्या वीस वर्षांत किती जणांकडून ऐकलं, मोजदाद नाही. इतर काही राज्यांत अकरा महिन्यांना अर्थ आहे, कारण वर्षाच्या आतल्या भाडेकरारांना तिथे नोंदणीची सक्ती नाही. महाराष्ट्रात याच कायद्याचं कलम ५५ आहे. मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरायचं, मालकाने ते खोटं असल्याचं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोंदणी न करणं हा काकांसाठीही धोका आहे. हे त्यांना सांगताना तुला संकोच वाटायचं कारण नाही, तू त्यांच्या भल्याचंच सांगते आहेस. घर वेळेवर रिकामं करून मिळण्याचा जो झटपट मार्ग कायदा मालकाला देतो, तोही लेखी लायसन्सच्याच भरवशावर चालतो.

नोंदणी आता घरबसल्या होते. आधार आणि अंगठा लागतो, एजंट यंत्र घेऊन घरी येतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, वर मुद्रांक शुल्क आणि एजंटचे पैसे. हा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा करायची पद्धत आहे. काका का-कू करत असतील तर सगळा तू कर. साठ हजारांच्या मानाने तो काहीच नाही, आणि भावाच्या कॉलेजात, गॅस कनेक्शनला, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देताना हाच करार लागणार आहे.

आता रकमेकडे येते. ८०,००० म्हणजे जवळजवळ साडेचार महिन्यांचं भाडं. पुण्यात साधारण दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट चालतं. केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं अनामत म्हणून घ्यावं असं आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही आणि महाराष्ट्राचा स्वतःचा भाडेकायदा अशी कमाल मर्यादा घालत नाही. त्यामुळे “कायद्याने इतकंच” असं तू म्हणू शकत नाहीस. पण “काका, तीन महिन्यांचे ५४,००० चालतील का?” असं नक्की विचारू शकतेस. आकडा बघ, तुझ्या शिलकीत तो बसतो. पाटल्या डब्यातच राहतात.

“परत मिळणारच आहेत, खर्च थोडाच आहे?” असं तू लिहिलं आहेस. मिळणार आहेत, पण केव्हा? तीन वर्षांनी कदाचित. तोवर ते बिनव्याजी अडकलेले. आईच्या पाटल्यांवर कमी पडणारे २५,००० उचलले आणि वर्षाला १२ टक्के व्याज धरलं, तर महिन्याला २५० रुपये होतात. म्हणजे तुझं खरं भाडं १८,२५०. शिवाय पहिल्या महिन्याचं भाडं, टेम्पो, गॅस, गाद्या, भावाची फी. तुझ्या पगारातून अर्ध्याच्या आसपास नुसत्या भाड्यात जातात. अशा वेळी शिल्लक शून्यावर आणून घरात शिरणं धोक्याचं आहे. आई नवीन गावात येते आहे. पहिल्याच महिन्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं तर हाताशी काही हवं. काका तीन महिन्यांवर येत नसतील तर दुसरा तोडगा सुचव: ५४,००० ताबा घेताना आणि उरलेले २६,००० सहा महिन्यांत हप्त्याने, पण हप्ते करारात लिहून. चांगला भाडेकरू टिकावा असं मालकालाही वाटतं. तिघांचं कुटुंब, नोकरी करणारी मुलगी, मामांची ओळख. तुझी बाजू तुला वाटते तितकी लंगडी नाही.

आणि ही रविवारची मुदत. दुसरं जोडपं खरंच असेल. त्यांनी घेतलं तर घेतलं. पण घर अडवून ठेवायला पूर्ण डिपॉझिट लागत नाही, टोकन पुरतं. दोन ते पाच हजार, तेही बँकेतून, मालकाच्या किंवा कुलमुखत्यारपत्र असलेल्या काकांच्या खात्यात, आणि सोबत एक मेसेज की हे कशाचे आहेत आणि करार झाला नाही तर परत मिळतील. बाकी डिपॉझिट करार नोंदवायच्या दिवशी, बँकेतूनच, व्यवहाराचा क्रमांक करारात लिहून. आणि पैसे गेले त्याच बैठकीत किल्ली हातात. हा क्रम मोडू देऊ नकोस. आधी पैसे, करार नंतर, किल्ली त्याच्याही नंतर, अशी उलटी रांग लागली की मधल्या प्रत्येक दिवशी तू अडकलेली असतेस आणि समोरचा मोकळा.

इंग्लंडमध्ये नवीन नोकरीवर गेलेल्या एका वाचकाने मागे कळवलं होतं की तिथे अर्ज करताना घर राखून ठेवायला घेतलेली रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त असू शकत नाही. २०१९ पासूनचा तिथला कायदा आहे. मुख्य अनामतही मालकाला सरकारमान्य योजनेखाली ३० दिवसांत सुरक्षित करावी लागते. तिथे कुणा मालकाला यात अपमान वाटत नाही. आपल्याकडे तशी योजना नाही, म्हणून आपला क्रम आपणच सांभाळायचा.

काकांशी बोलायला शब्द सुचत नसतील तर असा मेसेज पाठव. तुझ्या भाषेत बदलून घे:

“काका, नमस्कार. घर आईला फोटोत दाखवलं, तिला आवडलं. घ्यायचं नक्की आहे. खाली लिहिलेले कागद मिळाले की टोकन म्हणून ५,००० बँकेतून पाठवते. करार आपण रजिस्टर करू, खर्च मी करते. ऑफिसात आणि भावाच्या कॉलेजात रजिस्टर करारच लागतो. डिपॉझिट पूर्ण रकमेचं करारात लिहू, मी बँकेतूनच देणार आहे, कारण माझी सगळी शिल्लक यात जाते आहे आणि मला आईला हिशेब दाखवायचा आहे. दादांच्या नावाचं लाइट बिल किंवा मिळकतकराची पावती आणि तुमच्या नावचं मुखत्यारपत्र यांचे फोटो पाठवाल का? एजंटला मसुद्यासाठी लागतील. डिपॉझिट तीन महिन्यांचं चालेल का, तेही बोलू.”

यात एकही शब्द खोटा नाही आणि उद्धट तर नाहीच. आलेली कागदपत्रं मात्र नीट बघ. मिळकतकराच्या पावतीवर मुलाचं एकट्याचं नाव आहे की सुनेचंही? दोन नावं असतील तर दोघांचीही संमती हवी. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर खरेदीखताची इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदणीचा थोडक्यात उतारा, शोधता येते, तीही बघ. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन सेक्रेटरींना भेट, भाडेकरू ठेवायला काही अडचण आहे का, मेंटेनन्स थकला आहे का, विचार. पाणी किती वाजता येतं तेही तिथेच कळेल.

काका “एवढं असेल तर राहू दे” म्हणाले, तर राहू दे. मला माहीत आहे हे लिहायला सोपं आहे. तू तीन महिने घरं बघते आहेस, चालून चालून चपला झिजल्यात, हे तू लिहिलं आहेस आणि ते मी विसरलेले नाही. पण जो माणूस चौदा रुपयांच्या कारणासाठी ऐंशी हजार खरे लिहायला तयार नाही, तो ते परत देताना काय करील याचा अंदाज तुला आजच मिळाला, असं समज. भावाचं कॉलेज सुरू होत असेल तर त्याला महिनाभर एखाद्या कॉट बेसिसवर ठेव. आई महिनाभर गावी राहील. एक महिना उशीर म्हणजे काही घर मोडत नाही.

आईशी बोलताना तिला चुकीचं ठरवू नकोस. तिच्या गावात शब्दावर व्यवहार होतात, कारण तिथे सगळं गाव साक्षीला असतं. शब्द मोडला तर माणूस चावडीवर, लग्नाकार्यात, देवळात तोंड दाखवू शकत नाही. वारज्यातल्या तिसऱ्या मजल्यावर तो साक्षीदार गाव नाही. आईला हे असं सांग, तिला लगेच कळेल.

ज्यांची काकांसारखी ओळख नाही, जे एजंटमार्फत किंवा मोबाइलवरच्या जाहिराती बघून घर शोधत आहेत, त्यांच्यासाठी थोडं. घर प्रत्यक्ष आतून पाहिल्याशिवाय टोकनही देऊ नका. मी लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये आहे, बदली झाली आहे, घर बघायला सोसायटीचा गेट पास लागेल, त्याचे पैसे आधी भरा, ते परत मिळतील, असं सांगून लुबाडण्याचे प्रकार बरेच झाले आहेत. ओळखपत्राचा फोटोही पाठवतात. पैसे परत देतो म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतात. लक्षात ठेवा, यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. फसगत झालीच तर लाज बाळगून बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. लवकर कळवलं तर पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता असते. आणि हेवी डिपॉझिटवर, म्हणजे आठ-दहा लाख एकदम देऊन भाडं शून्य, असं घर कुणी देत असेल तर त्या घरावर बँकेचं कर्ज आहे का हे आधी तपासा. मालकाने हप्ते थकवले आणि बँकेने घर ताब्यात घेतलं, तर तुमचे लाख मागायला मालकाच्या मागे धावावं लागतं.

आता परत तुझ्याकडे. आधीच्या फ्लॅटमध्ये मैत्रिणींबरोबर राहत होतीस तेव्हा रंगाचे म्हणून १२,००० कापले, हे तुझ्या मनात अजून सलतंय. ते पुन्हा व्हायला नको असेल तर किल्ली मिळते त्या दिवशी, सामान चढवायच्या आधी, रिकाम्या घराचा व्हिडिओ काढ. भिंतींवरचे डाग, खिळ्यांची भोकं, बाथरूमच्या छतावरची ओल, गीझर, नळ, खिडक्यांच्या जाळ्या, ओट्याखालची कपाटं. मीटरचा आकडा दिसू दे. तो त्याच दिवशी काकांना पाठव, म्हणजे तारीख आपोआप राहते. करारात दोन वाक्यं घालून घे. एक, नेहमीच्या वापराने होणारी झीज डिपॉझिटमधून कापायची नाही, आणि रंगाचे कापायचे असतील तर जास्तीत जास्त किती तो आकडा. दुसरं, किल्ली परत देताना त्याच दिवशी डिपॉझिट परत, आणि काही कापलंच तर बिलासह. एजंटच्या छापील मसुद्यात बहुतेक एवढंच असतं की डिपॉझिट बिनव्याजी परत मिळेल. कधी, ते नसतं. लॉक-इनची ओळ असेल तर ती दोनदा वाच. सहा महिन्यांच्या आत सोडलं तर डिपॉझिट जप्त, अशी अट काही करारांत सापडते. भावाचं किंवा तुझ्या नोकरीचं काही बदललं तर ती महागात पडेल. एक महिन्याच्या नोटिसीवर दोघांनाही सोडता यावं, एवढंच ठेव.

त्या जुन्या १२,००० बद्दल. घर सोडून दोन वर्षं झाली म्हणतेस. पैशांच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो, तेव्हा मुदत अजून आहे. वकिलाच्या फीला घाबरत असशील तर हे माहीत असू दे की विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, तिथे उत्पन्नाची अट नाही. पुण्यात जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय आहे. खटल्याआधी दोन्ही बाजूंना बोलावून तडजोड करून देण्याची सोयही ते करतात. दावा करच असं मी म्हणत नाही. पण आधी त्या मालकांना एक सरळ पत्र लिही: किती दिले होते, किती परत आले, रंगाचं बिल पाठवा. तू आजवर ते मागितलेलंच नाहीस, असं पत्रावरून दिसतं. न मागता नाही म्हटलं गेलं, असं धरून चालू नकोस.

काकांना मेसेज आज रात्रीच पाठव. आणि आईला फोन करून सांग, पाटल्या घेऊन सोनाराकडे किंवा बँकेत कुठेही जाऊ नकोस, काकांचं उत्तर येईपर्यंत तरी.

तुझी,
ताई